अलामोची पावनखिंड करू नका

टेक्ससमधला मराठी माणूस सॅन अँटोनिओची ट्रिप करून आला की एक वाक्य हमखास बोलतो: "अलामो म्हणजे यांची पावनखिंड." इन्स्टाच्या फोटोखाली ते असतं, पॉटलकमध्ये ते ऐकू येतं, भारतातून आलेल्या आईबाबांना गाडीतून फिरवताना मुलगा ते मोठ्या कौतुकाने सांगतो. मी ह्यूस्टनमध्ये राहतो आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर भांडायचं ठरवलंय.

वाक्य का सुचतं ते मला कळतं. मूठभर माणसं, समोर मोठं सैन्य, मरण समोर दिसत असूनही न सोडलेली जागा. बाजीप्रभूंची गोष्ट ऐकत वाढलेल्या कुणालाही ही मांडणी ओळखीची वाटणारच. पण 'पावनखिंड' हा शब्द उच्चारला की आपण प्रश्न विचारणं थांबवतो. ती जागा आपल्यासाठी पावन झालेली असते. आणि अलामोच्या बाबतीत प्रश्न विचारणं थांबवावं अशी तर तिथल्या बऱ्याच सत्ताधाऱ्यांची इच्छाच आहे. आपण फुकटात त्यांचं काम करतोय.

आधी गोष्ट थोडक्यात. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला. टेक्सस हा त्याचा उत्तरेकडचा, विरळ वस्तीचा सीमाप्रांत. तो वसवण्यासाठी मेक्सिकोने अमेरिकेतल्या लोकांना स्वस्तात जमिनी दिल्या. स्टीफन ऑस्टिनसारख्या कंत्राटदारांनी कुटुंबंच्या कुटुंबं आणून वसवली. १८३५ च्या ऑक्टोबरात या वसाहतवाल्यांनी बंड केलं. १८३६ च्या २३ फेब्रुवारीला मेक्सिकोचा सर्वेसर्वा सांता आना याने सॅन अँटोनिओतल्या अलामो या जुन्या मिशनला वेढा घातला. १३ दिवसांनी, ६ मार्चच्या पहाटे, अलामो पडलं. विल्यम ट्रॅव्हिस, जिम बोवी, डेव्ही क्रॉकेट आणि त्यांच्याबरोबरचे जवळजवळ सगळे लढवय्ये मारले गेले. २१ एप्रिलला सॅन जासिंटोच्या मैदानावर सॅम ह्यूस्टनच्या सैन्याने "रिमेंबर द अलामो" असं ओरडत हल्ला केला आणि १८ मिनिटांत लढाई जिंकली. टेक्सस स्वतंत्र प्रजासत्ताक झालं आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झालं.

शौर्याबद्दल मला वाद घालायचा नाही. वेढ्यातली माणसं घाबरट नव्हती. सांता आना हुकूमशहा होता हेही खरं. त्याने १८२४ ची संघराज्याची घटना मोडीत काढली, विरोध करणारा साकातेकास प्रांत १८३५ मध्ये चिरडला, आणि १८३६ च्या २७ मार्चला गोलियाडला शरण आलेल्या तीनशेहून जास्त कैद्यांना त्याच्या हुकुमाने गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्याविरुद्ध बंड करायला प्रामाणिक कारणं होती. ती नसती तर मेक्सिकन वंशाची, स्पॅनिश बोलणारी स्थानिक माणसं, म्हणजे तेहानो, या बंडात उतरलीच नसती.

माझा प्रश्न पुढचा आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर कोणाला काय मिळालं?

दोन आठवड्यांतले दोन कागद

वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस नावाच्या छोट्या गावात १८३६ च्या मार्चमध्ये टेक्ससचे प्रतिनिधी जमले होते. २ मार्चला त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्यात जुलूम आहे, ज्यूरीचा हक्क आहे, शिक्षणाची हेळसांड आहे, धर्माचं स्वातंत्र्य आहे. गुलामगिरीबद्दल एक अक्षर नाही. टेक्ससमधले लोक, आणि आता आपलेही लोक, हाच कागद दाखवून म्हणतात की बघा, लढा हक्कांसाठी होता.

त्याच माणसांनी, त्याच गावात, दोन आठवड्यांनी दुसरा कागद पुरा केला. तो म्हणजे प्रजासत्ताकाची राज्यघटना. तोवर अलामो पडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. या घटनेत लिहिलंय की जे गुलाम आहेत ते गुलामच राहतील. संसदेला गुलामांना मुक्त करायचा अधिकार नाही. एखाद्या मालकाला स्वतःच्या गुलामाला टेक्ससमध्येच मुक्त करायचं असेल, तर त्यालाही संसदेची परवानगी लागेल. स्वतंत्र काळ्या माणसाला टेक्ससमध्ये कायमचं राहायचं असेल तर त्यालाही परवानगी लागेल. आणि नागरिक कोण? त्या दिवशी टेक्ससमध्ये राहणारे सगळे, आफ्रिकन वंशाचे लोक आणि मूळनिवासी इंडियन सोडून.

जाहीरनामा जगाला दाखवायचा होता. घटनेप्रमाणे घर चालवायचं होतं. एखाद्या लग्नाबद्दल खरं काय ते जाणून घ्यायचं असेल तर तुम्ही पत्रिका वाचाल की याद्यांचा कागद?

"त्या काळी सगळीकडे हेच होतं" हे उत्तर लगेच येतं, म्हणून इथेच निकालात काढतो. सगळीकडे नव्हतं. ज्या देशाविरुद्ध हे बंड झालं, त्याच देशात नव्हतं. १८२९ मध्ये मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते गेरेरो याने गुलामगिरी रद्द केली. तो स्वतः आफ्रिकन वंशाचा होता. टेक्ससच्या वसाहतवाल्यांनी आरडाओरडा करून स्वतःपुरती सूट मिळवली. त्याआधी, १८२७ च्या प्रांतीय घटनेने बाहेरून गुलाम आणायला बंदी घातली, तेव्हा त्यांनी कागदावर 'गुलाम' ऐवजी 'करारी नोकर' लिहायला सुरुवात केली. करार ९९ वर्षांचा. मेक्सिको सूट कधी काढून घेईल याचा भरवसा नव्हता, आणि कापसाचा सगळा हिशेब गुलामांवर बसवलेला होता. अलामोतला नायक जिम बोवी तर त्याआधी गुलामांची तस्करी करून पैसे कमावलेला माणूस.

गुलामगिरी हे बंडाचं एकमेव कारण होतं असं मी म्हणत नाही. पण निकालाचे आकडे बघा. १८३६ मध्ये टेक्ससमध्ये अंदाजे ५,००० गुलाम होते. १८६० च्या जनगणनेत ते १,८२,५६६ झाले. राज्यातल्या दर १० माणसांमागे ३. ज्या युद्धाला आपण स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो, त्याच्या पोटातून हे निघालं.

'जो' नावाचा माणूस

आता अलामोतल्या एका माणसाची गोष्ट. त्याचं नाव जो. Travis च्या घरचे आडनावही त्याला मिळालं नाही, कारण तो ट्रॅव्हिसचा गुलाम होता. वय विशीच्या आसपास.

६ मार्चच्या पहाटे हल्ला झाला तेव्हा जो आपल्या मालकामागे बंदूक घेऊन उत्तरेच्या तटाकडे धावला. ट्रॅव्हिस तिथे सुरुवातीलाच गोळी लागून पडला. जो एका खोलीत लपला. लढाई संपल्यावर एका मेक्सिकन अधिकाऱ्याने आत कुणी काळा माणूस आहे का असं विचारलं, तेव्हा तो बाहेर आला. सैनिकांनी त्याला जखमी केलं, अधिकाऱ्याने वाचवलं. सांता आनाने त्याची चौकशी केली आणि त्याला जिवंत ठेवलं. पुढे तो टेक्ससच्या बाजूला पोचला आणि २० मार्चला त्याने नव्या सरकारच्या मंत्र्यांसमोर सगळी हकिगत सांगितली. ट्रॅव्हिस कसा मेला हे आज जगाला माहीत आहे ते बऱ्याच अंशी जोमुळे.

अशा माणसाचं नव्या प्रजासत्ताकाने काय केलं? त्याला ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत जमा केलं. जमीन, जनावरं, जो.

१८३७ च्या २१ एप्रिलला, सॅन जासिंटोच्या विजयाच्या पहिल्या वाढदिवशी, जो पळाला. सोबत एक मेक्सिकन माणूस आणि दोन घोडे. ट्रॅव्हिसच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, धरून देणाऱ्याला बक्षीस लावलं. त्या जाहिरातीत ओळख पटावी म्हणून लिहिलं होतं की हा माणूस मालकाबरोबर अलामोत होता.

हे वाक्य परत वाचा. अलामो आठवा अशी घोषणा देणाऱ्या देशात, अलामोत होता ही एका माणसाची ओळख त्याला पकडण्यासाठी छापली गेली.

आज अलामोत जोचं नाव घेतलं जातं, हे मान्य. वाचलेल्यांच्या यादीत तो असतो, गाइड त्याचा उल्लेख करतात. पण त्याची गोष्ट ६ मार्चला थांबवली जाते. साक्षीदार म्हणून तो चालतो. २१ एप्रिल १८३७ चा जो चालत नाही, कारण त्याने त्या रात्री या स्वातंत्र्ययुद्धाबद्दलचं आपलं मत पायांनी नोंदवलं.

टोपीतले पुठ्ठे

बाकीच्यांचंही बघू.

सॅम्युअल मॅक्युलक हा स्वतंत्र काळा माणूस. १८३५ च्या ऑक्टोबरात गोलियाडच्या हल्ल्यात त्याचा खांदा फुटला. या युद्धात टेक्ससच्या बाजूने जखमी झालेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. त्याने आपल्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडलं आणि मग त्याच भूमीत राहू द्या म्हणून सरकारकडे अर्ज करत बसला.

चेरोकी लोकांशी १८३६ च्या फेब्रुवारीत सॅम ह्यूस्टनने तह केला. तुम्ही युद्धात तटस्थ राहा, पूर्व टेक्ससमधली जमीन तुमची. ते तटस्थ राहिले. युद्ध जिंकल्यावर, १८३७ मध्ये, टेक्ससच्या सिनेटने तह फेटाळला. १८३९ मध्ये सैन्य पाठवून त्यांना हाकललं आणि त्यांचा म्हातारा प्रमुख ड्यूवाली नेचेस नदीकाठच्या लढाईत मारला गेला.

आणि हुआन सेगीन. आपण सगळ्यात नीट वाचावी ती गोष्ट याची. सेगीन सॅन अँटोनिओचा, तिथेच जन्मलेला. तो अलामोत होता, मदत आणायला म्हणून निरोप घेऊन बाहेर पाठवला गेला, म्हणून वाचला. सॅन जासिंटोला त्याची तेहानो तुकडी लढली. लढाईआधी या तुकडीने आपल्या टोपीत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले, कारण आपल्याच बाजूच्या लोकांनी चेहरा बघून शत्रू समजून मारू नये.

२००१ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेत कितीतरी भारतीय टॅक्सीवाल्यांनी आणि दुकानदारांनी काचेवर अमेरिकेचा झेंडा लावला होता. हा त्याच टोपीतला पुठ्ठा.

१८३७ मध्ये सेगीनने अलामोतल्या मृतांच्या राखेचा लष्करी इतमामाने दफनविधी केला. तो सॅन अँटोनिओचा महापौर झाला. पण नव्याने आलेल्या गोऱ्यांना तेहानोंच्या जमिनी हव्या होत्या आणि मेक्सिकन नाव हाच पुरेसा संशय होता. १८४२ मध्ये सेगीनला जीव वाचवायला कुटुंब घेऊन मेक्सिकोत पळावं लागलं. तिथे त्याच्यासमोर तुरुंग किंवा सैन्य असा पर्याय होता. त्याने सैन्य घेतलं आणि त्याच वर्षी तो सॅन अँटोनिओवर चालून आलेल्या मेक्सिकन फौजेत होता. झालं, गद्दार हा शिक्का कायमचा बसला. पुढे तो परत आला, पण शेवटी १८९० मध्ये सीमेपलीकडेच वारला. त्याचे अवशेष टेक्ससमध्ये आणले गेले ते १९७४ मध्ये, आणि त्याच्याच नावाच्या गावात पुरले गेले ते १९७६ मध्ये. मेल्यावर ८४ वर्षांनी पुठ्ठ्याशिवाय घरी येता आलं.

आठवण कशी घडवतात

अलामो म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, टी-शर्टवर, मगवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर, तो वरचा वळणदार माथा १८३६ मध्ये तिथे नव्हताच. तो अमेरिकन लष्कराने १८५० मध्ये बांधला. ट्रॅव्हिसने तलवारीने जमिनीवर रेघ ओढली आणि मरायला तयार असलेल्यांना अलीकडे यायला सांगितलं, ही प्रसिद्ध गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १८७३ मध्ये, घटनेनंतर ३७ वर्षांनी. १९५५ मध्ये डिस्नेने डेव्ही क्रॉकेटला घराघरांत नेलं, १९६० मध्ये जॉन वेनने सिनेमा काढला.

दंतकथा सगळ्यांकडे असतात, त्यात गुन्हा नाही. गुन्हा तेव्हा होतो जेव्हा दंतकथेला सरकारी बंदोबस्त मिळतो. २०२१ मध्ये टेक्ससने '१८३६ प्रोजेक्ट' नावाचा कायदा केला. उद्देश देशभक्तीपर शिक्षण, आणि नवं ड्रायव्हिंग लायसन्स काढणाऱ्यांच्या हाती टेक्ससच्या इतिहासाची पुस्तिका द्यायची तरतूद. म्हणजे एच-वन घेऊन डॅलसला उतरलेला आपला पोरगाही त्यात आला. त्याच वर्षी शाळांसाठी आणखी एक कायदा झाला. गुलामगिरी ही अमेरिकेच्या मूळ तत्त्वांपासून ढळणं होती, याखेरीज दुसरं काही शिकवायचं नाही. आता मला सांगा, शिक्षकाने १८३६ ची घटना वर्गात कशी वाचायची? टेक्ससच्या बाबतीत कोण कशापासून ढळलं होतं? तत्त्वच लिहून ठेवलंय.

त्याच २०२१ च्या जुलैत ऑस्टिनच्या सरकारी इतिहास संग्रहालयात 'फरगेट द अलामो' या नव्या पुस्तकावरचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि तो आपण रद्द करवला असं राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरने स्वतः जाहीर केलं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच लेफ्टनंट गव्हर्नरने अलामो ट्रस्टच्या प्रमुखांचा राजीनामा मागितला, त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातल्या मतांवरून. त्यांनी पद सोडलं.

जी आठवण खरी असते तिला एवढा पहारा लागत नाही.

मग आपलं काय?

"आपण पाहुणे, आपल्याला काय करायचंय?" हे मी आमच्याकडच्या शहाण्या लोकांकडून ऐकतो. पण पाहुणा गप्प बसतो. आपण गप्प बसलेलो नाही. आपण टाळ्या वाजवतोय, आणि वर आपल्या घरातला सगळ्यात पवित्र शब्द काढून देतोय. आपली मुलं चौथीत आणि सातवीत टेक्ससचा इतिहास शिकतात. शाळेत त्यांना अर्धी गोष्ट मिळते. घरी येऊन आपण तिच्यावर पावनखिंडीचा शिक्का मारतो. मग त्या मुलीने तिसरीकडे कुठे जाऊन विचारायचं?

आणखी एक. हे युद्ध ज्यांनी केलं ते स्थलांतरित होते. परक्या देशात जमिनीसाठी गेले, तिथला धर्म कागदापुरता स्वीकारला, तिथली भाषा बहुतेकांनी शिकली नाही. १८३० मध्ये मेक्सिकोने अमेरिकेतून येणाऱ्यांवर बंदी घातली तरी ते नदी ओलांडून येत राहिले. आज त्याच राज्यात बेकायदा नदी ओलांडणं हा सगळ्यात मोठा गुन्हा समजला जातो, आणि मोर्च्यात अलामोची घोषणा देणारे असतात. हा विनोद ज्याला दिसत नाही, त्याला उद्या आपल्याकडे बोट दाखवलं गेल्यावर आश्चर्य वाटेल. सेगीनलाही वाटलं असणार.

पावनखिंडीशी तुलना करायचीच असेल तर ती नीट करू. बाजीप्रभूंच्या शेजारी बांदल सेनेचं आणि शिवा काशिदचं नाव ठळकपणे घ्यायला आपणही वेळ लावला. पण ती नावं घेतल्याने पावनखिंड लहान झाली का? उलट गोष्ट मोठी झाली, तिच्यात जास्त माणसं मावली. अलामोच्या रखवालदारांना नेमकी हीच भीती आहे. जो, मॅक्युलक, सेगीन आणि ड्यूवाली आत आले तर गोष्ट मोडेल असं त्यांना वाटतं. मोडेलही. चार माणसं आत आल्यावर जी गोष्ट मोडते, ती त्यांना बाहेर ठेवण्यासाठीच रचलेली असते.

ह्यूस्टनजवळ सॅन जासिंटोला ५६७ फुटांचा स्तंभ आहे, वॉशिंग्टनच्या स्मारकाहून उंच. भोवती रिफायनऱ्या आणि जहाजांचा कालवा. पुढच्या २१ एप्रिलला मुलांना घेऊन जरूर जा. तिथे दोन तारखा सांगा. १८३६ ला इथे १८ मिनिटांत लढाई जिंकली आणि शरण येणाऱ्यांनाही पुढे कितीतरी वेळ मारत राहिले. १८३७ ला, याच तारखेला, अलामोतून वाचलेला एक माणूस या जिंकलेल्या देशातून रात्री घोड्यावर बसून पळाला. मग मुलांना विचारा, या दोनपैकी स्वातंत्र्यदिन कोणता? उत्तर तुम्ही देऊ नका.